गिरणीच्या भिंतीवरची चिठ्ठी

पाच हजार पत्रकं छापू, असं गुरुजी म्हणाले आणि मी सरळ नाही म्हणालो. ज्यांनी मला पत्रक लिहायला शिकवलं त्यांनाच नाही! "पन्नास छापू. लोक काय म्हणतात ते ऐकू, मग पुढचं."

"पन्नासात आंदोलन होतं का रे? लग्नाच्या पत्रिका वाटून राह्यला का?"

हे खूळ मी जालन्यातल्या बियाणं कंपनीतून आणलं होतं. पॅकिंगला लागलो तेव्हा लीन, अजाइल असले शब्द कानावर पडले. मतलब बिलकुल साधा: थोडं करा, तपासा, चुकलं तर लगेच दुरुस्त करा, हातातलं संपल्याशिवाय दुसरं उचलू नका. मी पेटलोच. पिशव्यांसाठी जे जमतं ते गावासाठी का जमू नये?

वडीगोद्रीकडच्या आमच्या गावातून अंबडला कॉलेजला जाणाऱ्या पोरींना सकाळची बस मिळत नव्हती. गिरणीवाल्या काकूंची पोरगी त्यातलीच. हा महिना बघू, नाहीतर कॉलेज बंद, असं तिच्या बापाने सांगून टाकलेलं.

म्हणून बैठक काकूंच्या पिठाच्या गिरणीत. भिंतीवर खडूने तीन रकाने काढले: करायचं, चालू, झालं. गुरुजींनी बस, नाली, वाचनालय अशा सात चिठ्ठ्या लिहून सगळ्या 'चालू'त चिकटवल्या.

मी समजावणार, तोच काकू म्हणाल्या, "गुरुजी, गिरणीत एका वेळी एकच डबा. दोघांचं संगं वतलं तर गव्हात ज्वारी जाती. मंग भांडण तुम्ही मिटवता का?" बसची सोडून सहा चिठ्ठ्या त्यांनीच काढून गुरुजींच्या हातात दिल्या. मी जे कंपनीत शिकून आलो ते ह्या बाईला आधीच येत होतं!

'सकाळची बस सुरू करा!' पन्नास पत्रकं घेऊन मी फाट्यावर उभा राहिलो. काकूंची पोरगी वाचून हसली. "दादा, बस हाय की. ती बघा." फाट्यावरच्या उड्डाणपुलावरून बस न थांबता निघून गेली. आम्ही पुलाखाली.

राग आला, स्वतःचाच. दोन वर्षं आम्ही नवी बस मागत होतो. 'गाड्या नाहीत' असं उत्तर यायचं, आम्ही निषेध करायचो. सकाळी इथे येऊन उभं राहायचं एकालाही सुचलं नाही! तेवढ्या काळात ज्या पोरी घरी बसल्या, त्याला आम्हीही जबाबदार.

दुपारीच मागणी बदलली: बस पुलाखालून न्या. एक ओळ, खाली पोरींच्या सह्या. आगारातले साहेब म्हणाले, "एवढंच? आधी का नाही सांगितलं?"

सोमवारी बस खाली आली. पोरी चढल्या, गुरुजींनी टोपी उडवली, मी पळत गिरणीत गेलो चिठ्ठी 'झालं'मध्ये लावायला.

काकूंनी हात धरला. "गेली. आली कुठं अजून?"

बराबर होतं. संध्याकाळी बस पुलावरूनच गेली, पोरगी पुढच्या थांब्यावरून चालत आली. आम्ही परत आगारात. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा, असं लिहून दिलं.

बुधवारी पोरगी फाट्यावर उतरली आणि थेट गिरणीत आली. काकूंनी पिठाच्या हाताने चिठ्ठी 'झालं'मध्ये लावली. "बोला गुरुजी, आता कोणता डबा?"

गुरुजींनी खिशातून नालीची चिठ्ठी काढली, वहाणा चढवल्या. "चल रे. पत्रक मंग. आधी बघून येऊ."