नळवाल्याच्या घरचा गळका नळ

गळकी तोटी दिसली की एका नळवाल्याचे हात शिवशिवायचे. लोकांच्या घरची गळती थांबवता थांबवता त्याचे केस पांढरे झाले होते. स्वतःच्या घरचा नळ तर असा घट्ट आवळलेला, की चिमणीला चोच ओली करायला थेंब मिळू नये.

टेकडीखालच्या गावच्या टाकीची भिंत मात्र कायम पाझरायची. तिच्या सावलीतल्या ओल्या भेगेत बोटभर उंचीचं एक रानरोप होतं. उन्हाळ्यात पानं झडायची, पण मूळ दगडाला घट्ट धरून राहायचं आणि पुन्हा फुटायचं. फुलं निळी, तांदळाच्या दाण्याएवढी. लग्न होऊन आल्यापासून नळवाल्याची बायको तिथे पिण्याच्या पाण्याला गेली की घागर टेकवून त्या रोपाशी दोन शब्द बोलायची. "दादाशी एवढं कधी बोलली नाही," असं तिची नणंद म्हणायची.

आणि एके दिवशी नळवाल्यानेच त्या भिंतीचा पाझर बुजवला. लोकांनी पाठ थोपटली. आठवडाभराने घरी मात्र त्याच्यापुढे ताट आदळलं.

"अहो, माझं रोप सुकलं की!"

"अगं, गवत ते! कुंडीत लावून देतो."

त्याने छिन्नीने मुळं सोडवून आणली. पहिल्या कुंडीत शेणखत घातलं, मूळ कुजलं. दुसरी उन्हात ठेवली, करपली.

"लाड करून मारलंत," बायको म्हणाली आणि बोलायचीच थांबली.

करंगळीएवढं एकच मूळ उरलं. नळवाला चिडून ओरडला, "सगळ्या जगाला माती लागते, ह्या मेल्या रोपाला गळती लागते!"

बोलला आणि त्याची नजर नळाकडे गेली. मागच्या दारी, नळाखालच्या दगडाच्या फटीत त्याने ते मूळ बसवलं. मग पान्हा घेऊन नळासमोर उकिडवा बसला. हात काही केल्या वळेना. शेवटी दात आवळून त्याने तोटी जराशी सैल केली.

टप्.

दुसऱ्याच दिवशी शेजारचा गवंडी कुंपणावरून खिदळला, "काय रे, पान्हा विकलास काय?"

"तुझ्या बापाचं पाणी जातंय का?"

प्रत्येक थेंब त्याच्या डोक्यात पडत होता. कितीदा तरी तो तोटी आवळायला उठला. शेवटच्या खेपेला आतून बायकोचा आवाज आला, "हात लावून तर बघा!"

कितीतरी दिवसांनी ती बोलली होती. नळवाला खाली वाकला. फटीत नखाएवढी दोन पानं उभी होती. पान्हा मांडीवर टाकून, कपाळाला आठ्या घालून, तो गळत्या नळाकडे बघत बसून राहिला.