न हलणारा माणूस

बसण्याआधी तो लुंगीची टोकं मांड्यांखाली खोचायचा, नाकाची शेंडी चोळायचा आणि म्हणायचा, "चला, बसू या. उठायची घाई नाय." मग सगळ्यांत आधी तोच उठायचा.

तुमच्यापैकी ज्यांनी कधी रोज ध्यानाला बसायचं ठरवलं असेल, त्यांना असा माणूस माहीत असणार. आम्ही एका शिबिराला बरोबर गेलो होतो. परत आल्यावर तो, मी, एक निवृत्त तलाठी आणि एक मोबाईलचा दुकानदार अशा चौघांनी रोज सकाळी एकत्र बसायचं ठरवलं, कारण घरी एकट्याने ते होत नाही हे प्रत्येकाला पहिल्या आठवड्यातच कळून चुकलं होतं. कुवारबावच्या पुढे त्याची हापूसची बाग होती आणि घराला लागून आंब्याच्या पेट्या भरायची पत्र्याची शेड. हंगाम नसताना ती रिकामीच असायची. तिथे पेंढ्यावर सतरंजी टाकून आम्ही बसू लागलो. माझं खतं-औषधांचं दुकान आहे, म्हणून तो मला शेट म्हणायचा.

थंडी पडली तसे तलाठ्यांचे गुडघे कुरकुरू लागले. मोबाईलवाला 'उद्यापासून नक्की' असा मेसेज पाठवायचा. तो मेसेज मात्र न चुकता यायचा. उरलो आम्ही दोघं.

त्यालाही बसणं जमत नव्हतं, हे सांगायला हवं. खोकायचा, खाजवायचा, एक डोळा उघडून माझ्याकडे बघायचा. पत्र्यावर वानर धडधडले की गलोल घेऊन धावत सुटायचा आणि परत येऊन म्हणायचा, "ती मनातली माकडं नव्हती रे, खरीच होती." मी वेळ संपल्याची घंटा वाजवून डोळे उघडले की विचारायचा, "शेट, आज किती गिऱ्हाईकं आली?" मी तासभर दुकानातच बसून आलोय, हे त्याला माझ्या तोंडावरून कळायचं. मी जात राहिलो तो त्याच्यामुळे. दोघंही सारखेच नापास होतो, आणि त्यात मोठा आधार होता.

कलमांना मोहोर आला त्या सुमारास तो हलायचा थांबला.

एके दिवशी बसलेलो असताना त्याच्या मांडीशी ठेवलेला फोन वाजला. पूर्ण वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. मी डोळे उघडून पाहिलं. त्याचे डोळे अर्धवट उघडे होते आणि नजर कुठेच नव्हती. ओठ बारीक हलत होते, काही चघळत असल्यासारखे. उजव्या हाताची बोटं लुंगीचा काठ चिमटीत धरत होती, सोडत होती. मला वाटलं, जप चाललाय. मी घंटा वाजवली. त्याला ऐकूच गेली नाही. काही वेळाने त्याने माझ्याकडे पाहिलं, ते दारात आलेल्या अनोळखी माणसाकडे पाहावं तसं.

"कुठे होतास रे?" मी विचारलं.

"काय माहीत. काजूच्या बिया भाजल्याचा वास आला, आणि मग तू दिसलास. मधलं काय नायच."

शिबिरात ज्याबद्दल नुसतं ऐकलं होतं ते हेच, असं मी धरून चाललो. मला त्याचा हेवा वाटला. मी वर्षानुवर्षं पुस्तकं वाचतोय, आणि गलोल घेऊन धावणाऱ्या या माणसाला ते आधी मिळालं.

मी ते स्वतःपाशी ठेवलं नाही. तलाठ्यांना सांगितलं, मोबाईलवाल्याला सांगितलं. दोघंही परत आले. मग जवळच्या कॉलनीतले काही जण आले, बायका आल्या. तसं त्याला रोज होत नसे, पण झालं की सगळे डोळे उघडून त्याच्याकडेच बघत बसायचे. आमचं रोजचं बसणं पहिल्यांदा सुरळीत चाललं होतं, ते त्याच्या त्या न हलण्यावर. एक म्हातारी त्याच्या पाया पडली तेव्हा त्याने घाईने पाय ओढून घेतले. पुढे पुढे ओढून घेईनासा झाला. लुंगीवर धुतलेला पांढरा सदरा घालू लागला. मी चिडवलं तर लाजून म्हणाला, "माणसं येतात रे. बरं दिसत नाय."

होळीनंतर त्याची बायको माझ्या दुकानात आली. गिऱ्हाईक जाईपर्यंत ती बाजूला उभी राहिली. मग तिने सांगितलं, की काल हा कपात चहा ओतत होता. मध्येच तसाच राहिला. कप भरला, बशी भरली, चहा ओट्यावरून खाली वाहू लागला तरी हात खाली येईना. हाका मारल्या तरी ओ नाही.

"भाऊजी, हे तुमच्या बसण्यातलंच ना?"

तिला होय ऐकायचं होतं. मलाही तेच म्हणायचं होतं. "होय वहिनी," मी म्हणालो, "साधना खोल गेली की होतं असं. काळजी करू नका." ती समाधानाने गेली. कोणत्या अधिकाराने मी ते बोललो, हे मला आजवर कळलेलं नाही.

आंबा काढायला आला. शेडमध्ये पेट्या येऊन पडल्या, त्यांच्या मधल्या जागेत आम्ही बसायचो. बागेत नेपाळी गडी होते, तरी तो स्वतः झाडावर चढायचा. एके सकाळी लोक गेल्यावर मी त्याच्याबरोबर बागेत गेलो. वाटभर तो मुंबईच्या दलालाला शिव्या घालत होता. मग तो वर चढला. लांब काठीला जाळी लावलेली ती घळ त्याने एका आंब्याखाली नेली, आणि ती तिथेच थांबली.

मी वर पाहिलं. ओठ चघळल्यासारखे हलत होते. डाव्या हाताने फांदी धरलेली होती. उजव्या हातातली घळ सुटली, पानांतून आपटत माझ्या पायाशी येऊन पडली, आणि तो हात रिकाम्या हवेतच चिमटी धरू लागला, सोडू लागला.

हाक मारली तर दचकून पडेल, म्हणून मी ओरडलो नाही. बागेत सगळीकडे कामं चालू होती, कोणी तरी हसत होतं. मी दोन्ही हात वर करून खाली उभा होतो, जणू मी त्याला झेलणार होतो. तेव्हा मला स्वच्छ कळलं, की झाडावर कोणाला ध्यान लागत नाही.

त्याने खाली पाहिलं. "शेट, तू कधी आलास?"

आम्ही बरोबर आलो होतो.

मी त्याला खाली उतरवलं. आता वर चढू नकोस, एवढंच म्हणालो. "का? पडेन काय?" तो हसला. हा आजार आहे, आत्ता माझ्याबरोबर डॉक्टरकडे चल, हे त्या क्षणी म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं की ती म्हातारी कशाच्या पाया पडत होती, हेही सांगावं लागणार होतं; आणि तिला पाया पडायला मीच आणलं होतं. मी म्हणालो, उद्या बोलू. दुसऱ्या सकाळी शेड भरलेली होती. घंटेनंतर लोक त्याच्याभोवती रेंगाळले. संध्याकाळी येऊन सांगू, असं ठरवून मी दुकानात गेलो. दुपारी फोन आला.

झाडावरून पडून त्याच्या कमरेचं हाड मोडलं, जीव वाचला. कोल्हापूरला नेल्यावर डोक्याचा फोटो काढला, त्यात गाठ निघाली. असे झटके किती दिवसांपासून येताहेत, असं डॉक्टरांनी विचारलं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मीच सांगितलं, मोहोर आल्यापासून. आधी आणायला हवं होतं, एवढंच डॉक्टर म्हणाले.

ऐन पावसाळ्यात त्याला घरी आणलं. डोक्यावर टाके, चेहरा सुकलेला. पाया पडणारी माणसं आता फाटकावरूनच चौकशी करायची. मी रोज जायचो. एके दिवशी त्याने उशी पाठीशी लावून घेतली.

"शेट, खरं सांग. ते ध्यान नव्हतं ना?"

"नव्हतं."

"तुला कळलं होतं?"

"झाडाखाली कळलं. त्याच दिवशी सांगायला हवं होतं."

"मेल्या," तो म्हणाला, "माझं मला कळलं नाय, ते ठीक. पण तू होतास ना तिथे." मग म्हणाला, "दार लोटून घे. बसू या."

आम्ही बसलो. तो खोकला. त्याने टाक्यांच्या कडेला खाजवलं. पाणी मागितलं, माशी हाकलली, वहिनींना दोनदा हाक मारून आमटीला काय आहे ते विचारलं. कोणाच्या हलण्याने मला इतकं बरं वाटलं नव्हतं. असे काही दिवस मिळाले. गणपतीच्या आधी तो गेला.

शेडमधलं बसणं संपलं. मी घरी, देवघरासमोर बसतो. नेम कसला, आठवड्यातून दोन-तीनदा मोडतो. दुकान येतं, गिऱ्हाईकं येतात, मी येऊ देतो. भीती वाटते ती क्वचित कधी सगळं थांबतं तेव्हा. आत कोणी नाही असं झालं, की मी डोळे उघडून हाताची बोटं बघतो. बायकोला सारं सांगून ठेवलं आहे. ती स्वयंपाकघरातून मध्येच येते, माझ्या खांद्यावर हात ठेवते आणि विचारते, "आहात ना?" मी "आहे" म्हणतो आणि ती जाते.

परवा मला उत्तर द्यायला जरा वेळ लागला. ती हात काढेना.