हौदामागची शेवाळी

वसुधा गेल्याचं शिपाई सांगायला आला तेव्हा मी नववीच्या मुलींना समास शिकवत होते. वर्गातून दवाखान्यापर्यंत कशी पोचले ते आठवत नाही. तिथं माझ्या मुठीत खडू तसाच होता...

वसू आमच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायची, मी मराठी. सोलापुरात साखर पेठेतल्या नरसम्मांच्या घरी आम्ही दोघी एका खोलीत भाड्यानं राहायचो. घरात माग, अंगणात सूत रंगवायचा हौद. आपसात ती माणसं तेलुगू बोलायची, आमच्याशी सोलापुरी मराठी. नरसम्मांना आम्ही अम्माच म्हणायचो.

हौदामागच्या ओल्या भिंतीवर मखमलीसारखा एक हिरवा पट्टा होता. मी त्याला शेवाळ म्हटलं की वसू उखडायची. "शेवाळ तुझ्या डोक्यात! ही शेवाळी. हिला खोड आहे, पानं आहेत. भिंग लावून बघ तरी." तिथं सगळी मादी रोपंच होती. तुटक्या पानांतून पसरायची, पण त्यांना बोंड, म्हणजे बीजाणूंची इवली कुपी, कधी धरत नसे. बोंड धरायचं तर नर रोप जवळ हवं आणि मधे पाण्याचा पातळ थर हवा, कारण नरपेशी पोहतच मादीकडे जाते. ते बोंड आपल्या भिंतीवर एकदा बघायचं, एवढा एकच ध्यास तिनं घेतला. कुंभारी गावच्या एका विहिरीतून नर रोपं शोधून आणली आणि शेजारी लावली. ते वर्ष नेमकं दुष्काळाचं. "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! पाण्याचं काय?" मी चिडवायची. शेवाळी वाळून काळी पडली. मेली असंच मी धरून चालले. मग एका सकाळी वसूनं आपल्या आंघोळीच्या पाण्यातलं ओंजळभर तिच्यावर शिंपडलं, आणि बघता बघता मिटलेली पानं उघडून हिरवी झाली. अम्मांनी चक्क हात जोडले.

पुढच्या श्रावणात वसू अंगणातून ओरडत आली, "आली! बोंडं आली!" आम्ही धावलो. हिरव्यावर लाल टोकं चमकत होती. अम्मांनी वाकून बघितलं, मग वर बघितलं. वर बांबूवर ओल्या सुताच्या लड्या ठिबकत होत्या.

"अगं, आमच्या लड्यांचा रंग हाय की त्यो!"

वसूही हसली आमच्याबरोबर. पण नंतर खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली. दुसऱ्या दिवशी अम्मांनी बांबू पलीकडच्या भिंतीला नेला. तिथं ऊन कमी, सूत वाळायला वेळ लागे, घरातले कुरकुरले. अम्मांनी कुणाचं ऐकलं नाही.

मग वसूचं पोटाचं दुखणं निघालं. ती दवाखान्यात पडली तेव्हा उन्हाळा लागला होता. भेटायला येईल त्याला तिचा एकच प्रश्न, "आली का?" मी नाही म्हणायची. खोटं बोलले असते तर तिनं पकडलंच असतं. एके दिवशी अम्मा आल्या, तिच्या उशाशी बसल्या आणि म्हणाल्या, "आली की गं पोरी. लई आली."

वसूनं विचारलं, "रंग कसला?"

"हिरवाच हाय अजून."

"मग पिकायला वेळ आहे..." ती म्हणाली. तिचा चेहरा इतका निवांत मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. तिला ते खरं वाटलं, की तिनं नुसतं अम्मांचं मन राखलं, ते मला आजही सांगता येणार नाही. चार दिवसांनी ती गेली.

घरी येऊन मी भिंत पाहिली. काहीच नव्हतं. मला राग यायला हवा होता, आलं ते रडू.

आता पाऊसकाळ लागलाय. अम्मांना गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही, तरी माग सुरू व्हायच्या आधी त्या हौदामागे उकिडव्या बसतात आणि भिंतीला नाक लावून शोधत राहतात. काल न राहवून मी म्हटलं, "अम्मा, आता कुणासाठी बघता?"

त्यांनी मान वळवली नाही. "म्या तिला सांगून बसले की गं," त्या म्हणाल्या. "आता ते खरं व्हाया नको व्हय?"