माझ्या नोट्समधला बुडालेला भाऊ

ती कादंबरी मी वाचलेली नव्हती. हे वाक्य लिहायला मला पंचवीस वर्षं लागली, म्हणून आधी तेच लिहून टाकतो.

भोपाळच्या ज्या कॉलेजात मी इंग्रजीत एम.ए. केलं, तिथेच आता शिकवतो. पद अतिथी विद्वानाचं, म्हणजे दर वर्षी नव्याने नेमणुकीची वाट बघायची. माझ्या वेळी अभ्यासक्रमात सहाशे पानांची एक जुनी इंग्रजी कादंबरी होती. ती अजून आहे. हिंदी माध्यमातून आलेला मी चाळिसाव्या पानावर अडकलो. शब्दकोश मांडीवर घेऊन दिवसाला दोन पानं व्हायची. मग एका सीनियरने त्याच्या नोट्स दिल्या. "किताब पढ़ने बैठा तो पास कब होगा?" म्हणाला आणि हसला. त्यालाही त्या कुणाकडून तरी मिळाल्या होत्या. मी त्या स्वच्छ अक्षरात उतरवल्या, पाठ केल्या आणि फर्स्ट डिव्हिजन मिळवली. अक्षर चांगलं, म्हणून पुढच्या मुलांनी माझी वही मागितली. हबीबगंजजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे ती आजही 'सर की नोट्स' म्हणून मिळते.

त्या नोट्समध्ये नायिकेचा धाकटा भाऊ समुद्रात बुडून मरतो. नायिकेचा एकाकीपणा हा हमखास येणारा प्रश्न, आणि उत्तराची सगळी इमारत त्या मृत्यूवर उभी. वर्गात मी ते मरण इतक्या वेळा शिकवलं, की बोलताना माझा आवाज आपोआप खाली यायचा.

गेल्या वर्षी अंतर्गत परीक्षेचे पेपर तपासत होतो. एकीने लिहिलं होतं, की भाऊ परत येतो. ज्याच्यासाठी ती इतकी रडली तो दारात उभा राहतो, घर ताब्यात घेतो, आणि त्या घरात तिला जागा उरत नाही. तिचा खरा एकाकीपणा तिथून सुरू होतो. उत्तर मी वाचलं आणि चिडलो. काहीतरी मनाने रचलंय, असं वाटलं. लाल पेनने आडवी रेघ मारली, वीसपैकी तीन दिले, आणि खाली शेरा लिहिला: मूळ पुस्तक वाचा.

हा शेरा मी लिहिला. मीच.

ती मुलगी बाग सेवनियात आमच्या मागच्या गल्लीत राहते. वडील सरकारी नोकरीत नागपूरहून बदली होऊन इकडे आलेले. घरी ती मला काका म्हणते, कॉलेजात सर. पेपर वर्गात परत दिले, त्याच्या दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर ती खाकी कव्हर घातलेलं पुस्तक घेऊन समोर उभी राहिली.

"सर, पान पाचशे बारा."

मी व्हरांड्यात उभ्या उभ्या वाचलं. भाऊ आला होता. ओले बूट घेऊन, हसत, जिवंत. ज्याने कुणी पहिल्यांदा त्या नोट्स काढल्या, त्याने शेवटची शंभर पानं उघडलीच नव्हती.

"बघतो," मी म्हणालो. पंचवीस वर्षांत याहून लाजिरवाणा शब्द मी उच्चारलेला नाही.

मार्क विद्यापीठाच्या पोर्टलवर चढले होते. बदलायचे तर विभागप्रमुखांची सही आणि लेखी कारण हवं. मी प्रमुखांना खरं ते सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "अरे भैया, टोटलिंग एरर लिख दो। किताब-विताब के चक्कर में पड़ोगे तो सबकी पोल खुलेगी। मेरी भी।"

मी बेरीज चुकल्याचं लिहून दिलं. तिला सतरा मार्क मिळाले. रेघ आणि शेरा मात्र तिच्या पेपरवर तसेच राहिले.

संध्याकाळी ती पुस्तक घेऊनच आमच्या घरी आली. बायकोने पोहे पुढे ठेवले, तिने हात लावला नाही.

"काका, मार्क वाढले. पोर्टलवर बेरीज चुकली असं कारण दिलंय, पण बेरीज तर बरोबरच होती ना?"

"हो."

"मग?"

"मी ते पुस्तक वाचलेलं नाही."

तिला वाटलं मी थट्टा करतोय. मग माझ्याकडे बघून तिचं हसू गेलं. "म्हणजे एम.ए.ला असताना?"

"तेव्हाही नाही. नंतरही नाही."

बायको स्वयंपाकघराच्या दारात थांबली होती. तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं.

 मग मुलीने विचारलं ते साधंच होतं. "आता मुख्य परीक्षेत मी काय लिहू? प्राध्यापकीच्या नेट परीक्षेसाठी मला पंचावन्न टक्के लागतात. बाहेरच्या सरांनी वाचलं असेल का?"

बाहेरच्या कॉलेजातले तपासणारे म्हणजे माझेच जुने विद्यार्थी, नाहीतर त्यांचे विद्यार्थी. त्यांच्याकडेही भाऊ बुडालेलाच. भाऊ मार, असं सांगितलं तर ती पास. जे वाचलंस ते लिही, असं सांगितलं तर तिच्या मार्कांची जबाबदारी कुणाची? मी पोह्यांची बशी तिच्याकडे सरकवली. तिने पुस्तक उचललं आणि गेली.

त्यानंतर मी ती कादंबरी वाचली. पूर्ण. शब्दकोश फार लागला नाही, याचंच जास्त वाईट वाटलं. वर्गात नोट्समधली ती ओळ खोडायला लावली, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, एग्ज़ाम में जिंदा रखें या मरा हुआ?" सगळे हसले. ती हसली नाही. दुरुस्त केलेली वही घेऊन मी झेरॉक्सवाल्याकडेही गेलो. "रख दीजिए सर," तो म्हणाला, "पर बच्चे पुरानी वाली ही मांगते हैं।"

मुख्य परीक्षेत तोच प्रश्न आला. मी गेटपाशी उभा होतो. ती बाहेर आली, बोटांना शाई लागलेली.

"काका, भाऊ परत आणला," ती म्हणाली. "आणि पान नंबर घातलाय. कुणाला खोटं वाटलं तर उघडून बघतील."

पेपर तपासतात त्या खोलीत पुस्तक नसतं. मी तिथे कित्येक उन्हाळे बसलोय, मला माहीत आहे.

"छान केलंस," मी म्हणालो.

निकाल अजून लागलेला नाही.