उत्तरं माझी, पेपर तिचा

झाशीला रेल्वेच्या कार्मिक शाखेत मला बावीस वर्षं झाली. एवढ्या काळात खात्याच्या चार परीक्षा दिल्या आणि चारही पहिल्याच फटक्यात काढल्या. हे मी फुशारकीनंच सांगतेय, हो! आमच्या कॉलनीत कुणाची परीक्षा जाहीर झाली की तो पुस्तक शोधत नाही, आमचं घर शोधतो. जुने पेपर, त्यांची बरोबर उत्तरं, कुठला प्रश्न किती वेळा येऊन गेला, सगळं माझ्याकडे फाइलला लावलेलं असतं.

त्यामुळे लेकीनं दहावीच्या निकालानंतर शाळेतून साठ प्रश्नांची एक पुस्तिका आणली, तेव्हा मी पदर खोचूनच बसले. अकरावीला कुठले विषय घ्यायचे हे ठरवायला मुलांनी ती घरी भरायची होती. मग करिअर बघणाऱ्या मॅडम पालकांना बोलावणार, आणि त्यानंतर विषयांचा फॉर्म द्यायचा. माझ्या मनात गणित पक्कं होतं. गणित, मग इंजिनीयरिंग, मग सरकारी नोकरी. आता ही पुस्तिका तेवढी आडवी यायला नको होती.

"आई, इसमें मदद नहीं लेनी है," लेक म्हणाली. "मॅडमनी सांगितलंय, जे मनात येतंय तेच भरायचं."

"मनात येईल ते भरून आजवर कोण पास झालंय?"

"पर इसमें पास-फेल नाही होत."

"सगळे असंच म्हणतात. मग यादी लागते."

मी ऑफिसमधल्या एका मैत्रिणीला फोन लावला. तिची मुलगी दोन वर्षांपूर्वी त्याच शाळेतून निघाली होती आणि आता इंजिनीयरिंगला होती. तिची भरलेली पुस्तिका मिळाली तर हवीच होती. मैत्रिणीनं कपाट उपसलं आणि तिसऱ्या दिवशी झेरॉक्स माझ्या टेबलावर! रेल्वेवाल्यांचं एक बरं असतं, जुना पेपर कुणी फेकत नाही.

नवरा कूलरमध्ये पाणी भरत होता. तो म्हणाला, "अगं, स्वतःबद्दलच्या प्रश्नांना जुना पेपर कसा चालेल?"

"तुम्ही पाणी भरा," मी म्हटलं.

रविवारी दुपारी आम्ही दोघी बसलो. काही प्रश्नांना पर्याय होते, काहींची उत्तरं लिहायची होती. प्रश्न होता, मोकळ्या वेळात काय करायला आवडतं? लेकीची पेन्सिल 'नुसतं बसून राहायला' या पर्यायाकडे निघाली. मी तिचा हात धरून 'कोडी सोडवायला' वर नेला. चारचौघांत बोलायला भीती वाटते का? "छे छे, 'अजिबात नाही' लिही." एखादी गोष्ट समजली नाही तर? "'समजेपर्यंत प्रयत्न करते'." दोन तासांत साठही प्रश्न झाले. लेकीनं एका शब्दानं वाद घातला नाही. मला वाटलं, पटलं तिला. मी खूश होऊन कैरीचं पन्हं केलं.

शाळेत ज्या मॅडम बसल्या होत्या त्या माझ्या मानानं अगदीच लहान होत्या, लग्नही झालं नसावं. त्यांनी पुस्तिका चाळली, परत पहिल्या पानावर आल्या. लेकीला म्हणाल्या, "बेटा, दो मिनट बाहर बैठोगी?" ती गेल्यावर मला विचारलं, "मैम, ये आपने भरा है ना?"

मी म्हटलं, "उसी ने भरा है. अक्षर देख लीजिए."

"अक्षर उसका है," त्या हसल्या. "पर साठ सवालों में एक भी 'पता नहीं' नहीं है. पंद्रह साल की बच्ची को सब पता है?"

त्यांनी कोरी पुस्तिका काढून माझ्यापुढे ठेवली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आजवर माझा पेपर कुणी परत केला नव्हता! आणि ही कालची पोर मला शिकवणार? परतताना मी रिक्षावाल्याशी उगाचच पैशांवरून भांडले. खरं सांगायचं तर रागापेक्षा लाजच जास्त वाटत होती, पण लाज वाटली की मला रागच येतो, काय करू!

या वेळी लेक आतल्या खोलीत दार लावून बसली. मी बाहेर नको तेवढी भाजी निवडली. दीड तासानं ती पुस्तिका टेबलावर ठेवून मैत्रिणीकडे निघून गेली. वाचू नकोस असं काही म्हणाली नव्हती. मी वाचली.

'माहीत नाही' बरेच होते. चारचौघांत बोलायची भीती वाटते? 'खूप.' नकाशे बघायला आवडतात? त्याच्यापुढे खूण इतकी दाबून केली होती की पान फाटायला आलं होतं. मला हे माहीत नव्हतं. घरात कुणालाच नव्हतं. मग एक्केचाळिसावा प्रश्न आला. एखादं काम आवडत नसेल तर तुम्ही काय करता? पर्याय होते: सांगून टाकते, टाळते, तरीही करते, आवडतं असं सांगते. तिनं शेवटच्यावर खूण केली होती.

पाच वर्षं ती गणिताच्या क्लासला जात होती. दर वर्षी मी विचारायचे, आवडतंय ना गं? ती म्हणायची, हो आई. मी ते 'हो' सगळ्या कॉलनीला सांगत फिरले होते.

ती परत आली तेव्हा मी सरळच विचारलं, "गणित नकोय तुला?"

ती तिच्या बाबांकडे बघायला लागली. नवरा हातातलं वर्तमानपत्र ठेवून म्हणाला, "सांग बाळा."

"नकोय," ती म्हणाली. मग घाईघाईनं, "पण घेईन. मार्क्स आणेन ना मी. तू टेन्शन नको घेऊ."

मी म्हटलं, "आणि हवंय काय?"

"पक्का नाही पता. ज्योग्राफी, शायद. आर्ट्स घ्यावं लागेल." हे म्हणताना तिनं माझ्या तोंडाकडे असं बघितलं, की आता मी ओरडणारच. मी ओरडले नाही. ओरडायचं मनात नव्हतं असं मात्र म्हणणार नाही. आर्ट्स! सोमवारी ऑफिसात काय सांगू, हेही क्षणभर डोक्यात येऊन गेलं.

"का गं ज्योग्राफी?"

ती सांगायला लागली. बेतवा नदी नकाशात कशी वळते, आपण पुलावरून जातो ती जागा नकाशात शोधली की तिला कसं होतं... आणि अडकली. तिला शब्द सापडेना. तोंड उघडं, हात हवेत. तिला म्हणायचं होतं तो शब्द माझ्या जिभेवर होता, मराठीतला, चांगला, नेमका. पंधरा वर्षं मी तिला असेच शब्द पुढे करत आले होते.

मी ओठ मिटून बसले. खूप वेळ गेला. शेवटी तिला तिचा शब्द मिळाला, आणि तो माझ्या मनातला नव्हता.

"डर नहीं लगता," ती म्हणाली.

मी तिच्याकडून फॉर्म मागून घेतला, विषयांची जागा कोरी ठेवून खाली सही केली आणि पेन तिच्या हातात दिलं.