अंजाक्काच्या गळ्यातलं मशीन

आमच्या गावात भांडणाऱ्या माणसांना तोटा नाही. पण जिचं भांडण ऐकायला लोक ताटावरून उठून यावेत अशी बाई एकच, अंजाक्का. खरं नाव अंजना. नवरा फौजेत सुभेदार होता, तो वारला. मुलगा जयराज बापाच्याच पलटणीत, सीमेवर. घरी राहिल्या दोघी, अंजाक्का आणि तिची सून संयोगिता. आणि शेजारी राहिला दीर, नानासो.

दीर शेजारी असणं म्हणजे काय, हे ज्याला समजावून सांगावं लागतं त्याच्या नावावर जमीन नसणार.

अंजाक्काचा ऊस गावापासून आत, ओढ्याच्या अंगाला. तिथं जायला एकच पाणंद, नानासोच्या रानाला लागून. सुभेदार गेला त्या सालापासून नानासोचा ट्रॅक्टर दर नांगरटीला त्या पाणंदीत जरा जरा घुसायला लागला. आधी बांध गेला, मग बांधावरची बाभळ गेली, आणि जिथनं उसाची ट्रॉली जायची तिथनं सायकल ढकलत न्यायची पाळी आली. नानासो पाणी सोसायटीचा चेअरमन. त्याच्याविरुद्ध तोंड उघडलं की उघडणाऱ्याच्या पाण्याची पाळी मागं पडते, म्हणून गाव गप्प. गाव म्हटलं की त्यात मीही आलोच. बोलायची ती एकटी अंजाक्का. ती पाणंदीत उभी राहिली आणि सुटली, की ओढ्यापलीकडची म्हसरं चरायची थांबायची.

"नानासो, भावाची राख गार हुईस्तवर तरी दम खायचा हुतास! वाट खातोस? प्वाट हाय का कणगी?"

"वैनी, त्वांड सांभाळा."

"माझं त्वांड मी सांभाळलंय, तू ट्रॅक्टर सांभाळ. न्हाईतर चाकाखाली झोपते बघ, आन् जाता जाता तुझं नाव सांगून जाते."

ट्रॅक्टर मागं सरकायचा. कोर्ट नाही, कचेरी नाही, नुसत्या आवाजावर त्या बाईनं ती पाणंद धरून ठेवली होती.

आणि अशा बाईचं काळीज हळू चालायला लागलं.

पहिल्यांदा ती पडली ती भांडताना नव्हे. एका बारशाला गेली होती, पाळण्याशेजारी शांत बसली होती, बसल्या बसल्या कलंडली. बायका म्हणाल्या, गप बसणं मानवलं न्हाई तिला. तात्याबा हवालदार, सुभेदाराच्या वेळचा पेन्शनर, त्यानं तिची नाडी धरली, डोळे मिटले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "कसली नाडी हाय गड्या! सावकाश. पैलवानाची असती अशी." झालं. त्या कौतुकात वर्ष गेलं. पैलवानाची नाडी मिरवत अंजाक्का एकदा चुलीपाशी पडली, एकदा मोटारसायकलच्या मागल्या सीटवरनं पडली. ती अंथरुणाला खिळली, की इकडं नानासोच्या नांगराचं एक तास पाणंदीत पुढं सरकलेलंच. दीर भावजयीच्या तब्येतीवर एवढी नजर ठेवून असतो हे बघून पाहुण्यांना भरून यायचं.

शेवटी सुनेनं तिला सांगलीला नेलं. तिथं मुकुल म्हणून एक तरुण डॉक्टर. त्यानं छातीला तारा लावून दिवसभराचे ठोके तपासले.

"मावशी, तुमचं हृदय धडधाकट आहे," तो म्हणाला. "त्याला लगाम घालणारी एक नस असते, ती लगाम फार ओढतेय. ठोके मंदावतात, डोक्याला रक्त कमी पडतं, तुम्ही पडता."

"मग ढिला सोडा की लगाम."

डॉक्टरनं पेसमेकरचं सांगितलं. कॉलरबोनखाली छोटं यंत्र, त्याची तार हृदयात, सगळीकडं बसवतात, घाबरायचं काही नाही. अंजाक्का खाटेवर ताठ बसली.

"काळजात तार? कुंपण हाय व्हय ते?"

समजावून समजावून डॉक्टर दमला. मग म्हणाला, दुसरं एक यंत्र आहे, नवं आहे, त्याची अजून चाचणी चालू आहे, खात्री मी देत नाही. तेही छातीवर कातडीखालीच बसतं, पण तार हृदयात जात नाही, मानेतल्या त्या लगामाच्या नसेभोवती गुंडाळतात. ठोके ठरलेल्या हद्दीखाली गेले की यंत्र त्या नसेला थोपवून धरतं, लगाम ढिला पडतो, आणि हृदय पुन्हा पाऊल उचलतं. फक्त गळ्याची नस तिथंच शेजारी असते, म्हणून यंत्र चालू असेल तेवढा वेळ आवाज बसेल.

हे शेवटचं वाक्य अंजाक्काला ऐकू गेलं नाही, कारण तेव्हा ती शेजारच्या खाटेवरच्या बाईशी खिडकी उघडी ठेवण्यावरून भांडत होती. ऐकलं ते संयोगितानं. तिनं "चालेल डॉक्टर" म्हणायला जरा घाई केली, असं तिथली नर्स म्हणाल्याचं मला तिसऱ्याकडून कळलं. नर्सला मी ओळखत नाही, पण गोष्ट खरी वाटते.

यंत्र बसलं. पडणं थांबलं. आणि गावाला नवी करमणूक मिळाली.

अंजाक्का ओट्यावर निवांत बसली, की बोलता बोलता तिचा आवाज सायकलच्या पंपासारखा नुसता फसफसायचा. देवळात आरतीला उभी राहिली की घोगरी. सीमेवरच्या जयराजशी फोनवर लाडानं बोलायला गेली की घोगरी. आणि भाजीवालीनं वजनात मारलं की खणखणीत! पहिल्या दिवशी कुणाला उलगडा होईना. संयोगितानं डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर म्हणाला, राग आला की ठोके आपोआप वाढतात, यंत्राला काम उरत नाही, म्हणून आवाज मोकळा राहतो. शांत बसल्या की ठोके उतरतात, यंत्र लागतं, आवाज बसतो.

"मग आत्या, आता दोन शब्द कमी बोला," सून म्हणाली.

"कमी बोलू? डॉक्टरच म्हनला, भांडलं की मशीनला इसावा मिळतो. बॅटरी वाचवायची का न्हाई?"

डॉक्टर असं म्हणाला नव्हता. पण त्या दिवसापासून अंजाक्काच्या भांडणाला औषधाचा मान आला. दूधवाला, वायरमन, पोस्टमन, कोणी सुटलं नाही. तात्याबाला तर तिनं चौकात गाठलं. "पैलवानाची नाडी व्हय रं? तुझ्या नादानं वरीसभर जमिनीवर लोळले मी!" तात्याबानं त्यानंतर कुणाची नाडी धरली नाही, स्वतःचीसुद्धा.

ही बातमी नानासोपर्यंत गेली. नानासो दिसायला बोजड, पण त्याची अक्कल आतल्या खिशात असते. तो चार दिवस गप्प राहिला आणि पाचव्या दिवशी गोड झाला.

रस्त्यात भेटली की हात जोडायचा. "वैनी, गोळ्या येळंवर घेताय न्हवं? उन्हाचं फिरू नका." त्याच्या झाडाची पपई घरी पाठवून दिली. अंजाक्कानं ती म्हशीला घातली, आणि म्हशीला काही होतंय का म्हणून दिवसभर बघत बसली. पण भांडायला समोर माणूस वाकडं बोललं पाहिजे. हा बोलेना. ती शिव्या घालायची आणि तो मान डोलवायचा, "खरं हाय वैनी, खरं हाय." मग तिचा राग ओसरायचा, आवाज फसफसायला लागायचा, आणि नानासो मिशीत हसत निघून जायचा.

त्याच सुमाराला, आजारपणात नुसता आवाज पुरेना म्हणून अंजाक्कानं वाटेसाठी तहसीलला दिलेल्या अर्जाचा निकाल व्हायची वेळ आली. महसूल खात्याच्या सर्कल मॅडम जागेवर येऊन बघणार. जमिनीवर वाट दिसली तर वाट टिकणार, नाही दिसली तर अर्ज बाद. तिकडं ऊस तोडीला आलेला. ट्रॉली निघायला वाट नाही म्हणजे उभा ऊस रानातच वाळणार. आणि मॅडम यायच्या आदल्या दिवशी अंजाक्का यंत्र तपासायला सांगलीला गेली, तेवढ्यात नानासोनं राहिलेली सगळी पाणंद आडवीउभी नांगरून टाकली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे तिथं हजर. उगाच कशाला खोटं बोलू, भांडण ऐकायलाच गेलो होतो. आंब्याखाली नानासोनं खुर्च्या मांडल्या होत्या, चहा होता, क्रीमची बिस्किटं होती. सर्कल मॅडम प्रियदर्शनी, वयानं लहान, नोकरीत नव्या. अंजाक्का तणतणत आली, तोंड उघडणार, एवढ्यात नानासो पुढं झाला आणि चारचौघांत तिच्या पायावर डोकं ठेवलं.

"वैनी, तुमी माझ्या आईच्या जागी. आधी बसा. च्या घ्या. माझं चुकलं आसंल तर पायताणानं मारा, पर जिवाला तरास करून घिऊ नका."

आता पाया पडलेल्या माणसाला लोकांसमोर शिव्या कशा घालायच्या? ती बसली. नानासोनं स्वतः चहा दिला, वारा घातला, सुभेदाराच्या आठवणी काढल्या, डोळेसुद्धा पुसले.

"आजी, वाट कुठून होती?" मॅडमनी विचारलं.

अंजाक्कानं तोंड उघडलं. "ही... हिथ..." पुढं नुसती हवा.

तिनं गळ्याला हात लावला. तिला रागवायचं होतं, पण राग म्हणजे काय नळाचं पाणी, तोटी फिरवली की यायला?

"गळ्याचं आपरेशन झालंय मॅडम," नानासो हळहळला. "बोलवत न्हाई तिला. आवं, कसली वाट आन् कसला अर्ज! माझ्या रानातनं मी जाऊ देतो की. घरचीच हाय. मी जाऊ देतो आसं ल्ह्या आन् मिटवा."

मी जाऊ देतो! म्हणजे आज जाऊ देतो, उद्या नाही देत. संयोगिता पदर सावरत पुढं झाली. "मॅडम, तसं नाही, ती वाट आमच्या हक्काची..."

"सूनबाई, थोरली मान्सं बोलत्यात," नानासो इतक्या मायेनं म्हणाला की पोरगी होती तिथं थिजली. चुलतसासऱ्याला उलट बोलायचं तिला माहेरी कुणी शिकवलं नव्हतं, आणि सासरी शिकवायला बसलेली बाई मुकी होऊन खुर्चीत.

मॅडमनी पेनचं टोपण काढलं. अंजाक्का उठली. कुणाकडं बघितलं नाही. चपला तिथंच सोडून नांगरटीतनं, ढेकळं तुडवत, आपल्या उसाकडं चालायला लागली. मागनं कुणीतरी म्हणालं, "हारली म्हातारी." तिचे ओठ हलत होते, नानासोला मनातल्या मनात काय काय म्हणत होती देव जाणे. ढेकळं मोठी, रान चढाचं. ती जशी चढाला लागली तसं ते पुटपुटणं आम्हाला ऐकू यायला लागलं. आधी "मुडद्या" ऐकू आलं. मग "बेण्या" स्पष्ट आलं.

"आत्या!" संयोगिता किंचाळली. "आवाज! थांबू नका, चालत राहा!"

अंजाक्काच्या ध्यानात आलं, रागानं वाढतात तसे चढ चढतानाही ठोके वाढतात, आणि मग काय चालली ती!

"मॅडम! खुर्चीत बसून वाट दिसती व्हय? या हिकडं, माझ्या मागनं या!"

मॅडम उठल्या. त्यांच्यामागं गाव. नानासो धावत, "वैनी, दमाल, बसा जरा, बसा!"

"बसले की तू जिकतोस, ठावं हाय मला! हितं बाभळ हुती मॅडम, ह्या खड्ड्यात मुळ्या बघा, ताज्या तोडल्यात. हितनं ट्रॉली वळायची. ह्यो पाया पडणारा, ह्यानं काल संध्याकाळी नांगर घातला, मी दवाखान्यात हुते तवा. आन् हितं..." ती एका जागी पाय आपटत गोल फिरायला लागली, उभी काही राहिना. "पहार आणा कुणीतरी! बघताय काय मेल्यांनो, उसनी तोंडं घिऊन आलाय व्हय?"

पहार तात्याबानं आणली. भीतीनं आणली असेल. दोन घाव घातले आणि ठण्ण वाजलं. माती उकरली तर सिमेंटची नळी, आडवी, चांगली जाड. ओढ्याचं पाणी पाणंदीखालनं जावं म्हणून सुभेदारानं सुट्टीवर आला असताना घातलेली मोरी.

"चेअरमनसाहेब," मॅडम वाकून फोटो काढत म्हणाल्या, "रानाच्या मधोमध मोरी कशासाठी घातली होती?"

नानासो पायानं नळीवर माती लोटायला लागला. मॅडमनी जागेवरच पंचनामा लिहायला घेतला आणि पंच कोण म्हणून विचारलं. गाव आभाळाकडं बघायला लागलं. तात्याबा पहार टेकवून पुढं आला आणि म्हणाला, "ल्ह्या माझं नाव. पाण्याची पाळी गेली तर गेली." मग लाजेकाजेस्तव आणखी दोघं आले.

नानासोचा सगळा गोडवा तिथल्या तिथं नासला. महिनाभर दाबून धरलेलं एकदम बाहेर आलं.

"थेरडे! त्या मशीनच्या जिवावर नाचतीस व्हय? बंद पडू दे तुझं मशीन, एकदाचं बंद पडू दे!"

अंजाक्का त्याच्यासमोर उभी राहिली. आता चालायची गरज नव्हती.

"पडंल की! आज न्हाई तर उद्या पडंल. पर मला जाळायचं माझ्याच रानात, सुभेदाराशेजारी, आन् तिरडी ह्याच पाणंदीतनं जाणार. चार खांदेकरी शेजारी शेजारी चालाय पायजेत. तेवढी रुंदी मोजून घ्या मॅडम. आन् तू रं, हो बाजूला, वाटंत उभा हायस."