गार हात

लेकीला जनावरांची डॉक्टर व्हायचंय, म्हणून आम्ही सध्या कॉलेजं बघत फिरतोय. मी सगळीकडे हॉस्टेल, मेस, पाण्याची चौकशी करतो. काल सकाळी चांगलीच थंडी होती. एका कॉलेजच्या दवाखान्यात शिकणारी एक मुलगी शेळी तपासत होती. आधी तिने स्टेथोस्कोप तळहातावर चोळून कोमट केला.

"गार लागतं हो हिला," ती शेळीच्या मालकिणीला म्हणाली.

ही माया तिथे शिकवतात, की मुलं घरूनच घेऊन येतात, कोण जाणे. माहितीपत्रकात फोटो होते ते फक्त इमारतींचे.

"बाबा, हॉस्टेलची चौकशी राहू दे," लेक म्हणाली.

घरी पोचलो, तर कुत्रा शेपटी हलवत दारातच उभा. त्याला जवळ घेण्याआधी तिने दोन्ही तळवे एकमेकांवर चोळले.